काढून ठेवलेला गिअरबॉक्स

संपादक मंडळानं यंदा "आपल्या मूळ गावाच्या इतिहासातलं काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि गेली वीसेक वर्षं फायली आणि सरकारी गाड्यांची लॉगबुकं यांतच गेली. राजे, लढाया, ताम्रपट यांवर लिहिणारी जाणती मंडळी आपल्या मंडळात आहेत. मग विचार केला, यंत्रांनाही इतिहास असतोच की! माझ्या आजोळी, रामाकोन्याला, एका मोटारीचा गिअरबॉक्स अडतीस वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होता. तो का काढला आणि परत कसा बसला, हे शोधता शोधता मला आपल्या भागाबद्दल पुष्कळ काही कळलं. तेच इथे मांडतो.

रामाकोना म्हणजे नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्गावर सौंसरच्या पुढचं स्टेशन. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलं. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, शेतात संत्रा आणि कपाशी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. तोपर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही सीमेच्या या बाजूला राहिलो. राजधानी बदलली, पण वाट बदलली नाही. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, संत्र्याचा बाजार आणि मोटारीचा मिस्त्री, सगळं नागपूरलाच राहिलं. ही शेवटची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

गाडी माझ्या मोठ्या मामांची. १९६४ ची शेव्हरोले इम्पाला, डावीकडे स्टेअरिंग असलेली. त्या काळी परदेशी वकिलातींचे अधिकारी आपल्या देशी परतताना मागे ठेवून जात त्या गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. तशीच ही दिल्लीहून निघाली, नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे आली आणि संत्र्याचं एक चांगलं वर्ष पाहून मामांनी ती त्याच्याकडून घेतली. गावात ती आली तेव्हा लोकांना तिच्या लांबीचं नवल वाटलं, पण त्याहून मोठं नवल वेगळंच होतं. या गाडीला क्लच नव्हता! पायाशी दोनच पेडल, एक ब्रेकचं आणि एक ॲक्सिलरेटरचं. गिअर आपोआप पडायचा. मामी म्हणायच्या, "बैलाले हाकलावं लागते, हे तर मनातलंच वयखते."

हे "मनातलं ओळखणं" नेमकं काय असतं, ते आधी सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचं पातंही फिरू लागेल. दोघांमध्ये कुठलाही लोखंडी जोड नाही, तरी शक्ती इकडून तिकडे गेली. आता हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या धारेनं दुसरा फिरतो आणि तो चाकांकडे शक्ती नेतो. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण मधे तेल आहे. या दोघांमध्ये तेलाची दिशा वळवणारा तिसरा पंखा बसवला की सुरुवातीची ओढ वाढते. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही कल्पना जर्मनीतल्या हर्मान फ्योटिंगर या अभियंत्याची. त्यानं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही मोटारींसाठी नव्हे, तर जहाजांसाठी.

मोटारीत ती यायला बराच काळ लागला. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबाइल गाडीत 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स दिला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स तो. दुसऱ्या महायुद्धात हाच हायड्रामॅटिक अमेरिकी सैन्याच्या हलक्या रणगाड्यांत बसला. युद्धानंतर तो इतका रुळला की रोल्स-रॉइससारख्या कंपनीनंही तो वापरायला घेतला. १९५० मध्ये शेव्हरोलेनं सामान्य माणसाला परवडेल असा सोपा प्रकार काढला, 'पॉवरग्लाइड'. पुढे जाण्याचे दोनच गिअर, मधे टॉर्क कन्व्हर्टर. १९६२ पासून त्याचं कवच ॲल्युमिनियमचं होऊ लागलं. मामांच्या इम्पालात होता तो हाच.

मग अमेरिकेत घरोघरी पोहोचलेली ही वस्तू आपल्याकडे का रुजली नाही? जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. १९४४ मध्ये सोलापूरच्या मातीतले वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळू लागल्या. पण १९५३ च्या सुमारास सरकारचं धोरण ठरलं की नुसते बाहेरचे भाग आणून जोडणं बंद, हळूहळू सगळं इथे बनवायचं. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढची तीन दशकं आपल्या रस्त्यावर मुख्यतः ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. तिन्हींना क्लच, तिन्हींना हातानं टाकायचा गिअर. धोरण चूक की बरोबर, हा वाद मी इथे घालत नाही. देशात पुष्कळ कारखाने उभे राहिले ते त्याच धोरणामुळे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्यांच्या हाताखालून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधी गेलाच नाही. आयातीवर निर्बंध असल्यानं सुटे भागही मिळेनात. मग मोठ्या अमेरिकन गाड्यांचं सगळीकडे एकच झालं. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं, ऑटोमॅटिक काढून ट्रकचा किंवा जीपचा गिअरबॉक्स लावायचा. काढलेला माल भंगारात.

आमच्या गाडीची पाळी १९८४ च्या उन्हाळ्यात आली. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. मला आठवतो तो फक्त धूर. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघायचे आणि आम्ही पोरं त्यात पळायचो. गाडी चढावर घसरू लागली. इंजिन ओरडायचं, चाकं हलायची नाहीत. गिअरबॉक्समधलं तेल सारखं कमी व्हायचं आणि खाली तर थेंबही सांडलेला दिसायचा नाही. त्यासाठी लागणारं लालसर पातळ तेल नागपूरलाही मिळेना, म्हणून जे मिळालं ते इंजिन ऑइल ओतलं गेलं. त्यानं उरलंसुरलंही गेलं. शेवटी नागपूरहून मिस्त्री आले. तेव्हा ते चाळिशीचे होते आणि त्यांचा हात फार चांगला होता. त्यांनी आठ दिवस अंगणात गाडी उघडून ठेवली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला आणि ट्रकचा गिअरबॉक्स लावला. दोन्हींचे बोल्ट जुळेनात, तेव्हा मधली जाड प्लेट लेथवर करून आणली. क्लचचं पेडल बसवलं. गिअरचा दांडा वर यावा म्हणून गाडीचा तळ कापला. प्रोपेलर शाफ्ट लांब पडत होता, तोही कापून आखूड केला. गाडी सुरू झाली आणि पुढं वीस वर्षं चालली.

आता इतिहासातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो.

मामांच्या घराच्या ओट्यावरून आगगाडीची शिट्टी ऐकू यायची. नागपूर–छिंदवाडा ही सातपुड्यातली नॅरोगेज लाईन, दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट. १९१३ साली ती सुरू झाली तेव्हा बंगाल–नागपूर रेल्वेची होती. माझ्या लहानपणी तिला डिझेल इंजिन लागायचं. रामाकोना सोडलं की देवी, कुकडाखापा, भीमालगोंदी, भंडारकुंड अशी स्टेशनं घेत ती गाडी सातपुडा चढायची. डबे खचाखच भरलेले, दारात दुधाचे कॅन, टपावर सायकली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कळलं की या मार्गावरची ती सुमारे ७०० अश्वशक्तीची झेडडीएम जातीची इंजिनं डिझेल-हायड्रॉलिक होती. म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत तेलातून जात होती. फ्योटिंगरचे तेच समोरासमोरचे पंखे! ड्रायव्हर क्लच दाबत नव्हता. मामांच्या इम्पालात जे तत्त्व मेलं, तेच तत्त्व रोज आमच्या गावावरून डबे ओढत घाट चढत होतं.

इतकंच नव्हे, या विद्येत आपल्या देशाचा स्वतःचा वाटाही होता. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्यानं रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी द्रव आणि यांत्रिक अशा दोन्ही जोडांचा मेळ घालणारं ट्रान्समिशन शोधून काढलं. ते 'सुरी ट्रान्समिशन' म्हणून ओळखलं गेलं. त्यांना १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनं रेल्वेसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन बनवली. म्हणजे "हे आपल्याला जमण्यासारखं नाही" असं काही नव्हतं. आगगाडीच्या मागे नागपूरच्या मोतीबागची शेड होती. तिथे माणसं शिकवलेली होती, तेल होतं, सुटे भाग होते, कुठला भाग कधी बदलला याची नोंद होती. आमच्या गाडीच्या मागे एक अंगण आणि एक हुशार मिस्त्री, एवढंच होतं. यंत्र टिकतं ते त्याच्या पोलादावर कमी आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेवर जास्त, हे मी नोकरीत पुढे अनेकदा पाहिलं. पण पहिला धडा रामाकोन्याचाच.

२०१५ च्या अखेरीस नॅरोगेज बंद झाली आणि त्या जागी ब्रॉडगेज आली. त्या लहान गाड्यांची आठवण मोतीबागला २००२ साली सुरू झालेल्या नॅरोगेज संग्रहालयात जपली आहे. नागपूरला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा.

इम्पाला मात्र २००४ पासून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. मामेभाऊ पुण्याला स्थायिक आहे. कोरोनाच्या काळात तो गावी येऊन राहिला आणि त्यानं मनावर घेतलं की गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची. मला फोन आला, "तू डिप्लोमावाला, तू ये." २०२२ च्या जानेवारीत मी रजा टाकून गेलो.

पहिल्याच दिवशी वाद झाला. मिस्त्रीकाका आता पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांचा मुलगा वर्कशॉप चालवतो, त्याच्याबरोबर मुद्दाम आले होते. मामेभावानं गाडीखाली वाकून कापलेला तळ पाहिला आणि त्यांच्यासमोरच बोलून गेला, "कोणी हे पाप केलं?" काका काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. बोलले ते मामा. नव्वदीला टेकलेला माणूस, आवाज बारीक झालेला. म्हणाले, "तुले टायफॉईड झाला तेव्हा रात्री दोन वाजता तुले नागपूरले कोन घेऊन गेलं? हेच पाप." अंगणात एकदम शांतता झाली. मामेभाऊ उठला आणि काकांच्या पाया पडला. मग कामाला सुरुवात झाली.

माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स खाली काढला. मी काकांना विचारलं, भंगारात कसा नाही गेला? ते म्हणाले, "मी मालकाले म्हनलं होतं, हे नोका इकू, ठुन द्या. गिअरबॉक्स खराब नोहोतं, बाबू. आमाले समजलं नोहोतं." चाळीस वर्षं हा माणूस हे मनात ठेवून होता.

आणि त्यांचं म्हणणं खरंच निघालं. पॉवरग्लाइडच्या बाजूला मुठीत मावेल अशी पत्र्याची एक डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. तिच्यात रबराचा पातळ पडदा असतो. डबीच्या एका अंगाला गिअरबॉक्स, दुसऱ्या अंगाला इंजिनाकडून आलेली बारीक नळी. इंजिनावर भार किती, हे त्या पडद्याच्या हालचालीवरून गिअरबॉक्सला कळतं. पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळू लागतं. म्हणून पांढरा धूर, म्हणून जमिनीवर थेंब नसताना तेल कमी, आणि तेल कमी झालं म्हणून घसरण. मी डबी सोडवून नळीच्या तोंडाला तोंड लावून हवा ओढली. पडदा शाबूत असता तर ओढ बसली असती. हवा सरळ आरपार आली. एवढ्याशा रबराच्या चकतीपायी सगळं घडलं होतं. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल मामांच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, जसंच्या तसं सापडलं. धूर येण्याचं कारण त्यात छापलेलं होतं. इंग्रजी वाचणारे घरात होते, गाडी उघडणारे अंगणात होते. दोघांची गाठ पडली नव्हती, एवढंच.

पुढच्या कामाचा तपशील थोडक्यात देतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल. गिअरबॉक्स पूर्ण उघडला. आतल्या क्लच प्लेटी जळालेल्या, रबरी सील वाळून कडक झालेले. अमेरिकेत पॉवरग्लाइड अजून मोटारशर्यतींत वापरतात, त्यामुळे सील आणि प्लेटींचा संच आजही नवा मिळतो. मामेभावानं तो मागवला, नवी मॉड्युलेटर डबीही त्यातच आली. टॉर्क कन्व्हर्टर मात्र माळ्यावर तोंड वर करून ठेवला होता, वरून पागोळी गळत होती, आतून गंजून गेला होता. दुसरा कन्व्हर्टर मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराकडून आणावा लागला. इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती आणि तिचे बोल्ट कुठेच सापडेनात. मिस्त्रीकाकांनी मुलाला नागपूरला पाठवलं. तो वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवरची चकती आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यावर ऑइलपेंटनं लिहिलं होतं, "रामाकोना". आत बोल्ट, गिअरचा दांडा ते बॉक्स जोडणारी सळई आणि मॉड्युलेटरची नळी.

बसवताना एक गोष्ट सांभाळायची असते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसला पाहिजे. हळूहळू फिरवत नेला की तो टप्प्याटप्प्यानं "खट्" करून आत सरकतो. शेवटचा टप्पा राहिला आणि तसेच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. काकांना हे माहीत नव्हतं, मी मॅन्युअलमधून वाचून सांगितलं. पण तो हातानं फिरवला त्यांनीच, डोळे मिटून. शेवटचं "खट्" झालं तेव्हा म्हणाले, "आता गेला." माझं वाचलेलं आणि त्यांच्या बोटांतलं त्या दिवशी एका जागी आलं. कापलेला प्रोपेलर शाफ्ट नागपूरला लांबी वाढवून आणि बॅलन्स करून आणला. तळाचं भोक पत्रा लावून वेल्ड केलं. क्लचचं पेडल काढलं. १९८४ मध्ये शोधून न मिळालेलं तेल आता नागपूरच्या दुकानात सहज मिळालं. ते भरून, इंजिन चालू ठेवून, तापल्यावर पातळी पाहिली आणि मामेभावानं दांडा 'डी'वर ओढला. गाडी किंचित दबली आणि आपसूक पुढे निघाली. धूर नाही.

आता प्रश्न उरतो की गाडी "मूळ" झाली का? कन्व्हर्टर दुसरा आहे, शाफ्टला जोड आहे, तळाला ठिगळ आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन गिअरबॉक्सवर कोरलेले अंक तपासतात, ते आमच्या बॉक्सचे जुळतील, बाकीचं जुळणार नाही. यावर मला हायड्रामॅटिकच्याच इतिहासातली एक घटना आठवते. १२ ऑगस्ट १९५३ ला अमेरिकेत लिव्होनिया इथला हायड्रामॅटिक बनवणारा कारखाना आगीत जळून खाक झाला. गिअरबॉक्सच मिळेनात, तेव्हा कॅडिलॅकसारख्या गाड्यांत कंपनीनं स्वतःच काही आठवडे ब्युइक गाडीचा 'डायनाफ्लो' गिअरबॉक्स बसवून विकला. आज त्या आठवड्यांतली एखादी कॅडिलॅक कुणी हायड्रामॅटिक लावून "दुरुस्त" केली, तर तो तिचं मूळ रूप पुसतो! मूळ म्हणजे पुस्तकात लिहिलेलं नव्हे, त्या त्या गाडीच्या बाबतीत खरोखर घडलेलं. अडचणीत केलेली तडजोडही तिच्या इतिहासाचाच भाग असते.

म्हणून ट्रकचा गिअरबॉक्स आम्ही भंगारात दिला नाही. पुसून, ग्रीस लावून, त्याच गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवला आहे, या खेपेला पागोळीपासून दूर. लेथवर केलेली प्लेटही त्याच्याबरोबरच. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर लिहून बांधलं आहे: कधी लावला, कोणी लावला, किती वर्षं चालला, कधी काढला.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी चार-चार पिढ्यांपासून महाराष्ट्राबाहेर आहेत. आपणही प्रसंगानुसार पुष्कळ काही बदलून बसवलं. बोलण्यात हिंदी आली, जेवणात इथले पदार्थ आले, सणांच्या रीती थोड्या इकडच्या झाल्या. त्यात कमीपणा नाही. त्यावरच आपण इथवर आलो. पण काढून ठेवलेलं कुठे ठेवलं आहे, हे घरात कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. आजीच्या हातच्या पाककृतीची वही, पणजोबांची पत्रं, जमिनीचे मोडीतले कागद, बंद पडलेलं शिवणयंत्र, जे असेल ते. विकू नका, कोरड्या जागी ठेवा आणि ते काय आहे हे दोन ओळींत लिहून ठेवा. परत बसवायची वेळ येईल, नाही येईल. पण आली, तर कुणालातरी तो पत्र्याचा डबा सापडला पाहिजे.

त्या वर्षीचा गणपती सौंसरहून रामाकोन्याला इम्पालातून आला. मामा पुढच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन, मागे घरची पोरं, आणि गाडी चालवत होते मिस्त्रीकाका. वेशीजवळ गाडी थांबवताना त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. तिथे काहीच नव्हतं. ते हसले आणि म्हणाले, "मोरया."